जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये देताना: मुंबईतल्या शोरूमचा भाव किती खरा?

न्यू लिंक रोडवर मालाडपासून अंधेरीपर्यंत किंवा एलबीएस मार्गावर मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत कुठल्याही शोरूममध्ये नवी गाडी बघायला गेलं की पाणी येण्याआधी प्रश्न येतो, "जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे का?" सेवा सोयीची आहे, यात वाद नाही. अनोळखी माणसांना गाडी दाखवायला सोसायटीच्या गेटवर बोलवायचं नाही, टेस्ट ड्राइव्ह द्यायची नाही, पैसे बुडायची भीती नाही. एकाच दिवशी जुनी चावी द्यायची आणि नवी घ्यायची. या सोयीची किंमत किती, हे मात्र शोरूम कधीच आपणहून सांगत नाही. ती जुन्या गाडीच्या भावातही असते आणि नव्या गाडीच्या कोटेशनमध्येही असते, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवूनच या सेवेला गुण द्यावे लागतात.

आमचं मत आधीच सांगतो. तुमची जुनी गाडी ज्या कंपनीची, त्याच कंपनीची नवी घेत असाल, तर शोरूमचं एक्स्चेंज बहुतेक वेळा घेण्यासारखं असतं. मारुती देऊन मारुती, ह्युंदाई देऊन ह्युंदाई. कारण सरळ आहे. मारुतीची ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईची एच प्रॉमिस, टोयोटाची यू ट्रस्ट ही कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दुकानं आहेत. तुमची गाडी तिथेच दुरुस्त होते, वॉरंटी लावून तिथेच विकली जाते. शोरूमला शेवटच्या गिऱ्हाइकाचा भाव माहीत असतो, म्हणून तुम्हालाही त्यातल्या त्यात बरा भाव देता येतो. दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन गेलात की ती बहुधा दलालाकडेच जाते. मग शोरूम हा एक मध्यस्थ, दलाल दुसरा मध्यस्थ आणि दोघांचं कमिशन तुमच्या भावातून.

शोरूमचा हिशेब उलटा चालतो

व्हॅल्युएशन करणारा माणूस गाडीभोवती फिरताना मनात उलटी वजाबाकी करत असतो. समजा तुमच्यासारखी गाडी बाजारात गिऱ्हाइकाला ५ लाखांना विकली जाते. डीलरने ती तुमच्याकडून ४ लाख १० हजारांना घेतली, तर मधले ९० हजार सगळे नफा नाहीत. जुन्या गाडीच्या व्यवहारात नोंदणीकृत डीलरला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून हा दर लहान-मोठ्या सगळ्या गाड्यांना सारखाच आहे. विक्रीच्या किमतीतच कर धरला, तर ९० हजारांतले साधारण १३,७०० इथेच जातात. डेंटिंग-पेंटिंग, दोन टायर, सर्व्हिस, आतली साफसफाई यांचे २५ हजार धरा. हा खर्च करासाठी फरकातून वजा होत नाही, त्यामुळे खर्चिक गाडी डीलरला दुहेरी नकोशी असते. आरसी ट्रान्सफर आणि कागदपत्रांचे दहाएक हजार. उरले चाळीसेक हजार. त्यातून जागेचं भाडं, अडकलेल्या पैशावरचं व्याज आणि सेल्समनचं कमिशन निघतं.

हा हिशेब माहीत असला की भाव करताना कुठे रेटायचं ते कळतं. "अजून वीस हजार द्या" म्हणण्यापेक्षा "दुरुस्तीचे किती धरलेत, कशाकशाचे?" असं विचारा. बंपरच्या ओरखड्याला आठ हजार धरले असतील आणि बाहेर ते काम निम्म्यात होत असेल, तर बोलायला मुद्दा मिळतो. आमच्या अंदाजाने चालत्या मॉडेलला गिऱ्हाइकाच्या भावापेक्षा १२ ते १८ टक्के कमी मिळणं हा रास्त सौदा. पंचवीस टक्के खाली जात असेल तर उठून यावं.

गिऱ्हाइकाचा भाव कसा काढायचा? तेच मॉडेल, तेच वर्ष, तोच व्हेरिएंट, तेच इंधन आणि मालकाचा क्रमांक तोच, अशा मुंबई-ठाण्यातल्या सात-आठ जाहिराती बघा. सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त सोडून द्या. उरलेल्यांचा मध्य घ्या आणि त्यातून पाच ते आठ टक्के कमी करा, कारण जाहिरातीतला भाव मागायचा असतो, मिळायचा नसतो. भाव आजचाच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नव्या स्वस्त झाल्या आणि त्यांच्या मागोमाग जुन्यांचे भावही उतरले. त्याआधीचा एखादा स्क्रीनशॉट दाखवून भांडण्यात अर्थ नाही.

विमा पॉलिसीवरची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) म्हणजे बाजारभाव, हा गैरसमजही सोडा. ती ठरलेल्या घसाऱ्याने निघते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर विमा कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवाल ती. मागणी असलेल्या गाडीचा भाव आयडीव्हीच्या वर असतो, बंद पडलेल्या मॉडेलचा खाली. डीलर जेव्हा आयडीव्हीचा कागद पुढे करतो, तेव्हा ती बहुधा त्याच्या सोयीची असते.

एकच आकडा धरा: खिशातून किती जाणार

एक्स्चेंजमधली सगळी गफलत दोन सौदे एकात कालवल्यामुळे होते. जुन्या गाडीला भरघोस भाव दाखवायचा आणि तेवढेच पैसे नव्या गाडीच्या सूटीतून, विम्यातून, ॲक्सेसरीजमधून काढून घ्यायचे, ही पद्धत सर्रास आहे. म्हणून प्रत्येक शोरूमकडून कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्या: एक्स-शोरूम किंमत, आरटीओ कर, विमा, ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी, रोख सूट, एक्स्चेंज बोनस, जुन्या गाडीचा भाव. गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस (विकणाऱ्याने गोळा करायचा आयकर) असतो. तो आयकर विवरणात परत मिळतो, पण आज खिशातून जातोच.

आकडे घालून बघू. नवी गाडी ऑन-रोड ११ लाख ४० हजार. पहिला शोरूम तुमच्या जुन्या गाडीला ४ लाख ५० हजार देतो आणि म्हणतो, "बोनस त्यातच धरलाय, वर सूट नाही." तुम्ही भरायचे ६ लाख ९० हजार. दुसरा जुन्या गाडीला ४ लाख ५ हजारच देतो, पण ३० हजार रोख सूट, २५ हजार एक्स्चेंज बोनस आणि त्याच्या विम्याचा कोट १२ हजारांनी कमी. तुम्ही भरायचे ६ लाख ६८ हजार. जुन्या गाडीला ४५ हजार कमी देणारा शोरूम प्रत्यक्षात २२ हजारांनी स्वस्त पडला. घरी फोनवर "साडेचार मिळाले" असं सांगायला बरं वाटतं. बँकेचा चेक मात्र फरकाचाच लिहायचा असतो.

तिसराही रस्ता आहे. त्याच दुसऱ्या शोरूममधून नवी गाडी घ्या, जुनी बाहेर ४ लाख ४० हजारांना विका, बोनस सोडा. भरायचे ६ लाख ५८ हजार. आणि इथेच एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एक्स्चेंज बोनस नव्या गाडीची कंपनी देते, त्यासाठी तिला जुनी आरसी आणि ती दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा लागतो. काही योजनांत गाडी त्याच शोरूमला दिली पाहिजे अशी अट असते, काहींत नसते. अट नसेल तर बाहेर विकून, ट्रान्सफर झालेल्या आरसीची प्रत देऊनही बोनस मिळतो. वरच्या उदाहरणात भरायचे मग ६ लाख ३३ हजारच. "बोनससाठी गाडी तुम्हालाच द्यावी लागते का, की ट्रान्सफरची आरसी चालेल?" हा प्रश्न ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी येतं.

जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या, असं असेल तरी बोनस बहुधा मिळतो. नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं यांना साधारण मान्यता असते. नातं दाखवणारा कागद लागतो. सासऱ्यांच्या गाडीचं मात्र आधी विचारा. जुनी स्क्रॅपला देऊन नवी घेणाऱ्यांसाठी काही कंपन्यांचा वेगळा स्क्रॅपेज बोनस असतो. पंधरा वर्षांच्या आसपासच्या गाडीला एक्स्चेंजचा भाव नगण्य मिळत असेल तर तो तोलून बघा, कारण पंधरा वर्षांनंतर कारचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायची फीच ५ हजार आहे आणि वर पर्यावरण कर.

व्हॅल्युएशनला येणारा माणूस नक्की काय बघतो

हा भाग नीट समजून घेतला की भाव का कापला, ते तुम्हीच सांगू शकाल.

चांगला इव्हॅल्युएटर रंगाकडे आधी आणि इंजिनाकडे नंतर वळतो. त्याच्या हातात पेंट मीटर असतो. कारखान्यातल्या रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन. दोनशेच्या वर गेली की पॅनल पुन्हा रंगवलाय, आणि तीनशे-चारशेच्या पुढे गेली की खाली पुट्टी आहे. दरवाजा, बॉनेट, फेंडर हे नटबोल्टने बसणारे भाग आहेत. ते रंगवले किंवा बदलले तरी भाव थोडाच उतरतो. पिलर (छप्पर पेलणारे खांब), ॲप्रन (इंजिनाशेजारचा आतला पत्रा), छप्पर आणि मागचा क्वार्टर पॅनल वेल्डिंगने जोडलेले असतात. तिथे हात लागला असेल तर गाडी अॅक्सिडेंटची धरली जाते आणि भाव एकदम गडगडतो. म्हणून तो दरवाज्याचं रबर ओढून पिलरवरचे स्पॉट वेल्डचे ठिपके बघतो. बॉनेट उघडून फेंडरच्या बोल्टचा रंग पान्याने सोललाय का ते बघतो. डिकीतला गालिचा आणि स्टेपनी काढून तळाचं सीलंट कारखान्याचं सरळ आहे की हाताने फासलेलं, ते बोटाने चाचपतो.

मुंबईत याच्या जोडीला पाण्याची तपासणी असते. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, गांधी मार्केट ही पाणी तुंबणारी ठिकाणं इव्हॅल्युएटरला पाठ असतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की आतल्या पट्ट्यावर गढूळ पाण्याची रेघ दिसते. सीट पुढे सरकवली की रुळांचा गंज, मॅट उचलली की बारीक गाळ आणि कुबट वास. पाणी शिरलेली गाडी दिसायला कितीही चकाचक केली, तरी वायरिंगचे कनेक्टर महिन्यांनी हिरवे पडतात, म्हणून डीलर अशा गाडीला हातच लावत नाही किंवा भंगारापेक्षा थोडा बरा भाव देतो. विम्याच्या जुन्या क्लेमवरूनही हे कळतं. समुद्राकाठी उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा सायलेन्सर आणि खालचा पत्रा गंजलेला असतो. वरळी-वर्सोव्याची गाडी असली की माणूस हमखास वाकून बघतो.

इंजिन थंड असताना तो चालू करायला सांगतो. तुम्ही आधीच गरम करून ठेवलंत तर त्याला शंका येते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर येतच राहिला तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. डिझेलचा काळा धूर इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवतो. चेक इंजिनचा दिवा आदल्या दिवशी गॅरेजमधून पुसून आणायची युक्ती आता चालत नाही. स्कॅनर लावला की रेडिनेस मॉनिटर (गाडीच्या स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदी) अपुरे दिसतात आणि कोड नुकतेच पुसलेत हे उघड होतं. त्यापेक्षा दिवा कशाने लागलाय हे शोधून बिलासकट दाखवलेलं बरं. सेन्सरचा प्रश्न असेल तर कपात छोटी राहते. कारण कळलं नाही तर डीलर सगळ्यात वाईट शक्यता धरून पैसे कापतो.

मुंबईच्या गाड्यांची आणखी एक खासियत आहे. मीटरवर किलोमीटर कमी, पण तास जास्त. पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज बंपरला बंपर लावून चाललेल्या ३० हजार किलोमीटरच्या गाडीचा क्लच ६० हजार चाललेल्या नाशिकच्या गाडीपेक्षा जास्त झिजलेला असू शकतो. खड्ड्यांमुळे सस्पेन्शनचे स्ट्रट, लिंक रॉड आणि बुश लवकर वाजायला लागतात. म्हणून "गाडी फक्त २८ हजार चाललीय" या वाक्यावर फार विसंबू नका. मीटर फिरवलाय का, हे सर्व्हिसच्या नोंदींवरून पडताळता येतं आणि पडताळतातही.

टायरवर शेवटचे चार आकडे बघतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचे टायर, गोटी (रबरावरची नक्षी) दिसत असली तरी, बदलायचेच धरतात. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरला आली की कायद्यानेच संपले.

आधी काय करावं आणि काय करू नये

पूर्ण रंग मारू नका. ताज्या रंगाने भाव वाढत नाही, संशय वाढतो. नवे टायरही टाकू नका, त्यांचे पूर्ण पैसे परत येत नाहीत. आतून-बाहेरून धुलाई, रबिंग-पॉलिश, गेलेले बल्ब, अडखळणारी काच, वायपर, एसीचा गॅस ही कामं करून घ्या. सर्व्हिसची तारीख उलटली असेल तर करून बिल ठेवा. दुसरी चावी शोधा. पुश-बटण गाडीची नवी चावी काही हजारांना पडते आणि डीलर ते पैसे निमूटपणे कापतो.

सीएनजी असेल तर मुंबईत मागणी चांगली आहे, पण किट आरसीवर चढवलेलं हवं आणि टाकीची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) तीन वर्षांच्या आतली. बाहेरून बसवलेलं आणि आरसीवर नसलेलं किट म्हणजे भावात मोठी खोट. इलेक्ट्रिक गाडीचा भाव जवळजवळ बॅटरीवर ठरतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या आरोग्याचा अहवाल घ्या आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे कुठल्या अटीवर जाते ते छापील घ्या.

ई-चलन भरा. थकलेलं चलन ट्रान्सफरला अडतं, आणि डीलर सुरक्षिततेसाठी ते दीडपट धरून तुमच्या भावातून वळतं करतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवून घ्या, नाहीतर आरटीओचं काम पुढे सरकणार नाही. कर्ज असेल तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला किती भरायचं ते सांगणारं पत्र) काढा. त्यावरची रक्कम ठरावीक तारखेपर्यंतचीच असते. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन एचपी (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) काढायची, तोवर आरसी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. शोरूम हे करून देतो, पण किती दिवसांत आणि किती पैशांत, ते विचारून घ्या.

पासिंग कुठलं, यानेही फरक पडतो. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली किंवा ठाणे, वाशी यांत फारसा नाही. हरियाणा, दिल्ली, गुजरात पासिंगची गाडी मात्र मुंबईत देताना मोठा फटका बसतो, कारण घेणाऱ्याला तिथली एनओसी आणणं आणि इथला कर भरणं दोन्ही आलं. भारतातून निघून गेलेल्या कंपन्यांच्या गाड्यांचंही तसंच. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, शेवरोलेने २०१७ मध्ये विक्री बंद केली. पार्ट्स मिळत असले तरी भाव देताना हात आखडतो. अशा गाडीला शोरूमपेक्षा तिच्याच गॅरेजवाल्याच्या ओळखीतलं गिऱ्हाईक चांगला भाव देतं.

कुठे विचारावं

दोन-तीन दिवसांत चार ठिकाणचे भाव घ्या: तुमच्या जुन्या गाडीच्या कंपनीचा शोरूम, नवी घेताय तो शोरूम, कार्स२४ किंवा स्पिनीसारखी एखादी ऑनलाइन सेवा आणि एक ओळखीचा दलाल. चारही जणांना गाडीची एकच खरी माहिती सांगा.

ऑनलाइन सेवेचं बलस्थान म्हणजे वेग. माणूस घरी येतो, तासाभरात फोटो जातात, बहुधा त्याच दिवशी भाव येतो. साइटवर आधी दिसणारा आकडा अंदाज असतो, तपासणीनंतरचा खरा, आणि तो थोडेच दिवस टिकतो. दुसऱ्या कंपनीची गाडी, ऑटोमॅटिक, किंवा मागणी असलेली डिझेल एसयूव्ही असेल तर इथे शोरूमपेक्षा जास्त मिळायची शक्यता चांगली. पैसे देताना आरसी ट्रान्सफर होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवणार आहेत का, ते सौद्याआधी वाचा. शोरूमचं एक्स्चेंज नको असलं तरी हा आकडा हातात असला की शोरूमचा माणूस पाच-दहा हजार सहज वर येतो.

दलाल रोख आणि झटपट, पण कागदपत्रांना सगळ्यात कच्चा. एकट्या माणसाने किंवा वयस्करांनी या वाटेला जाऊ नये.

वेळ साधता येत असेल तर डिसेंबरच्या शेवटापर्यंत वाट बघू नका. १ जानेवारीला गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. गणपतीनंतर पितृपक्षात नवी गाडी घेणारे कमी असतात, तेव्हा शोरूम बोलायला मोकळे असतात. दसरा-दिवाळीला जुन्या गाड्यांना मागणी असते, पण सूट आटलेली असते. आमच्या मते सौदा पितृपक्षात ठरवून डिलिव्हरी दसऱ्याला घेणं, हे मुंबईकराला सगळ्यात फायद्याचं.

यात एक अडचण येते. नव्या गाडीला दोन-तीन महिन्यांची वाट असेल तर जुनीचा भाव डिलिव्हरीच्या दिवशी पुन्हा काढतात आणि कमी करतात. म्हणून बुकिंगच्या पावतीवर लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत, अमुक किलोमीटरपर्यंत, नवं नुकसान नसल्यास हाच भाव. तारीख आणि किलोमीटर दोन्ही हवेत. तोंडी "सर, तोच देऊ" डिलिव्हरीच्या सकाळी कामाला येत नाही, कारण तेव्हा घरचे सगळे हार-नारळ घेऊन उभे असतात आणि कोणालाच भांडायचं नसतं.

विमा आणि नो क्लेम बोनस

इथे लोक हमखास पैसे सोडून येतात. नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची प्रीमियमवरची सूट, गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमवर (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता) तो लागतो. तो प्रीमियम २४ हजार असेल तर १२ हजार वाचले. जुन्या विमा कंपनीकडून एनसीबी राखल्याचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं. त्यासाठी गाडी दिल्याचा पुरावा, म्हणजे डिलिव्हरी नोट आणि फॉर्म २९ (गाडी विकल्याची आरटीओला सूचना) ची प्रत लागते. शोरूमचं विमा कोटेशन आलं की त्यात एनसीबी वजा केलाय का ते बघा. आणि विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, तेव्हा बाहेरचा कोट काढून तुलना करा. वरच्या उदाहरणातले १२ हजार असेच आले होते.

गाडी दिल्यानंतर

मोटार वाहन कायद्यानुसार जोवर आरटीओच्या नोंदीत तुमचं नाव आहे, तोवर अपघाताची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं. म्हणून डीलरला विचारा, त्याच्याकडे जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का. एप्रिल २०२३ पासून अशा अधिकृत डीलरला गाडी दिली की फॉर्म २९सी मधून ऑनलाइन कळवायची सोय आहे आणि पुढची जबाबदारी डीलरवर जाते. या एका मुद्द्यावर आम्ही दहा हजार कमी भाव देणारा अधिकृत डीलर निवडू.

अधिकृत नसेल तर फॉर्म २९ आणि ३० (नाव बदलायचा अर्ज) वर सही करताना घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली असू द्या. कोऱ्या फॉर्मवर सही मागतात. ती दिलीत तर गाडी पुढे तीन हातांतून गेली तरी कागदावर तुमचीच राहते. त्याच राज्यात गाडी गेली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. डिलिव्हरी नोटवर तारीखच नाही, वेळही लिहा. किलोमीटर, दोन्ही चाव्या, घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि शोरूमचा शिक्का हवा. त्याच दिवशी तीन वाजता कुठे सिग्नल तोडला गेला तर हाच कागद कामाला येतो. मीटर दिसेल असा डॅशबोर्डचा एक फोटो काढून ठेवा.

फास्टॅग त्याच दिवशी बँकेकडून बंद करा, नाहीतर खालापूर टोलचे पैसे तुमच्याच खात्यातून कापले जातील. डॅशकॅमचं कार्ड, म्युझिक सिस्टिममध्ये जोडलेला फोन आणि घरचा पत्ता पुसा. मोबाइल ॲपवरून चालणारी गाडी असेल तर कंपनीच्या ॲपमधून ती काढून टाका.

महिन्याभरात एमपरिवहनवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललंय का ते बघा. बदललं नसेल तर शोरूमला ईमेल करा, आणि आठवड्यात हालचाल नसेल तर डिलिव्हरी नोट व फॉर्म २९ च्या प्रती जोडून तुमच्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ही पोच, डिलिव्हरी नोट आणि एनसीबीचं पत्र एकाच फायलीत नव्या गाडीच्या कागदांबरोबर ठेवा.